आईची पाटी आणि दहाचं ॲव्हरेज

तामलवाडीच्या हायवेला संघप्रियाचं गॅरेज आहे. पुण्यात चारचाकीचं काम शिकून, इंजिनाचा कॉम्प्युटर वाचणारा लॅपटॉप घेऊन ती गावी परतली, तेव्हा बाप राजपाल सोडला तर कुणी फारसं हरखलं नाही. सहा महिने नुसत्या मोटारसायकली आल्या, त्याही पंक्चर काढायला. म्हणून बागाईतदार रणधीरनं आपली सेकंडहँड, लालभडक स्पोर्ट्‌स कार दारात लावली, तेव्हा ती हातातलं पंक्चर तसंच टाकून उठली.

"ताई, लिटरला सहाच देतीया. दहा पाडून दाखवा, माझ्या चार दोस्तांच्या गाड्या तुमच्याकडंच. न्हाय जमलं तर पुण्याला नेतो."

सहा! मालानं गच्च भरलेला टेम्पोसुद्धा याहून बरं देतो.

तिनं लॅपटॉप जोडला. सायलेन्सरमधून फटाके फुटावेत म्हणून कुण्या शहाण्यानं ट्यूनिंगच बिघडवलं होतं. पाय काढला तरी इंजिन पेट्रोल पीतच राहायचं. ते तिनं ताळ्यावर आणलं. मग मागं हौसेनं बसवलेला भला थोरला पंख उतरवला. पंखानं गाडी हलकी होते, असा रणधीरचा समज.

"दादा, ह्यो उडवायला न्हाय, गाडी रस्त्याला दाबायला असतो. वारा अडवतो नि पेट्रोल खातो."

टाकी काठोकाठ भरून तुळजापूरच्या दोन खेपा केल्या, पुन्हा टाकी भरली. नऊ.

नवाच्या पुढं गाडी हटेना. लॅपटॉपवर एकच आकडा खुपत होता. इंजिनात जाणारी हवा तापलेली होती, आणि तापल्या हवेत कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो. ताकद घटते, पेट्रोल वाढतं. ती गाडीपुढं उकिडवी बसली आणि तिनं कपाळाला हात लावला. बाहेरची गार हवा आत यायच्या तोंडावरच पितळेची मोठी पाटी ठोकली होती, 'आई राजा उदो उदो'.

रणधीर चपापला. "माझ्या आईनं बसवलीया ती. तिला इचारल्याबिगर हात लावायचा न्हाय."

त्याच्या घराकडं जाताना संघप्रिया वाटेत दोनदा थांबली. आपण बौद्धाघरच्या, आणि देवीची पाटी काढा म्हणायचं, तेही रणधीरच्या आईला, विठाबाईंना! भीती वाटली तिला, सरळ भीती. पण खोटं बोलून इंजिन गार होत नाही.

"मावशी, पाटीनं गाडीचं नाक दाबलंय. श्वासच घेता येईना तिला. आईला गाडीच्या आत, समोर बसवलं तर? बाहेर धूळ, किडं, सगळं तिच्याच तोंडावर येतंय."

विठाबाईंनी पदराचं टोक हातात घेतलं.

"म्या आईला धुळीत उभी केली व्हय गं?" एवढंच म्हणाल्या.

रणधीरनं पाटी काढली. पुन्हा टाकी फुल्ल, पुन्हा दोन खेपा. साडेदहा! रणधीर तिथंच दोस्तांना फोन लावत सुटला.

विठाबाई गॅरेजात आल्या होत्या. पदरानं पुसलेली पाटी त्यांनी पोराकडं न देता संघप्रियापुढं धरली.

"तूच बसव, पोरी. तुझ्या हाताला गुण हाय."

"हात ग्रीसचे हायेत, मावशी."

"असू देत. त्याच हातानं बसव."