सात नावं यादीत घालणारे विशे सर

सदानंद विशे सरांना साठ वर्षं पूर्ण होतायत, त्यांच्यावरच्या पुस्तकात स्वयंपाकघरातूनही कुणी लिहावं, असा निरोप आला. बाकीच्या सहाजणींनी माझ्याकडं बोट दाखवलं. चौथी पास मी एकटीच. दमलेय, पण लिहिते.

सर संस्थेचे संगणक सांभाळायचे. किन्हवलीच्या आमच्या वसतिगृहावर पहिल्यांदा आले ते बिघडलेला संगणक काखेत मारून. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं. ते काही बोलले नाहीत, जेवले आणि ताट स्वतः घासून ठेवलं. मी म्हटलं, हे फार दिवस टिकायचे नाहीत. चुकले.

संस्थेनं तेव्हा तक्रारी संगणकावर घ्यायला नुकती सुरुवात केली होती. नळ गळाला, दिवा गेला की त्यात लिहायचं, मग मुरबाडच्या ऑफिसातून माणूस येणार. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड, तो कुणाच्या लक्षात राहीना. कारकुनाचा पासवर्ड कॅलेंडरवर लिहिलेला होता, म्हणून सगळं वसतिगृह त्याच्याच नावानं आत शिरायचं. आमच्या शेगडीची गॅसनळी गळत होती, ती तक्रारही त्याच्याच नावानं गेली. ऑफिसनं त्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "मला तर काय वास येत नाय." तक्रार बंद. असं तीनदा झालं.

सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी आधी सिलिंडर बंद केला. मग तक्रारीचा संगणक मुरबाडच्या कर्मचाऱ्यांच्या यादीला जोडायला घेतला. हजेरीला जे नाव आणि जो पासवर्ड, तोच तक्रारीलाही चालायचा. जोडणी झाली. मास्तर गेले, शिपाई गेले, सगळे आपापल्या नावानं आत. मी नाव टाकलं तर उत्तर आलं, अशी व्यक्ती यादीत नाही. आमची सातजणींची हजेरी मुकादमाच्या वहीत. त्या यादीत आम्हाला कधी कुणी घातलंच नव्हतं.

मी म्हटलं, "सर, बावीस वर्षं हितं भाकऱ्या थापतेय. तुमचं मशीन म्हणतं अशी बाईच नाय. मग पोरी कुणाच्या हातचं जेवतात?"

"मशीन खरं सांगतंय, मावशी. चूक आमची आहे," सर म्हणाले.

ऑफिसनं सोपी वाट सांगितली. सातजणींना मिळून एकच नाव द्या, 'स्वयंपाकघर', आणि मोकळे व्हा. मी तर घेतलं असतं. सर फोनवर म्हणाले, "हात स्वयंपाकघराचा भाजत नाही साहेब, बाईचा भाजतो. उत्तर तिच्या नावानं यायला हवं."

तोवर आम्ही चुलीवर. "नावापायी धूर खायला लावताय व्हय?" मी तोंड सोडलं. दुसऱ्या दिवसापासून सर आपला संगणक घेऊन आमच्यात येऊन बसले. खोकत काम करायचे. आमच्यातल्या हिराबाईचे कागद नव्हते, तर सिद्धगडाखालच्या तिच्या वाडीवर चालत गेले. मुरबाडला किती हेलपाटे घातले ते त्यांच्या चपलांना ठाऊक. सातही नावं यादीत चढल्यावरच त्यांनी दम खाल्ला.

मग मला पासवर्ड शिकवला. मी तो मोठ्यानं म्हणत टाकला. "मावशी, मी ऐकला. आता बदला." तीनदा बदलायला लावला. चौथ्या वेळी स्वतःच बाहेर जाऊन उभे राहिले.

मग नळीची तक्रार मी माझ्या नावानं टाकली. चौथ्या दिवशी नळीवाला दारात आला. "ठकूबाई वाघ कोण?" कारकून उठायला लागला. मी म्हटलं, "तू बस रे. मी हाय ती. आणि तू, पाय पुसून आत ये."

सर आता निवृत्त होतायत. यादीतून नाव निघालं की संगणकाचं दार त्याच दिवशी बंद, हा नियमही त्यांनीच घातलेला. मी म्हटलं, "तुमच्यापुरती फट ठेवा की." म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा, मावशी."

बरं, सारखा तर सारखा. सर, तुम्हाला धडधाकट शंभर वर्षं लाभोत, खोकला जावो, गुडघे चालत राहोत. तुमचं नाव त्या यादीतून जाईल. दुपारच्या पानांचा हिशेब आम्ही सातजणी तोंडी ठेवतो, त्यात एक पान तुमचं धरलेलं आहे. मीठ कमी असलं तर या खेपेला तोंडानं सांगा.