दिवसभराचा पास

सुरतेला मी दोनच दिवसांसाठी गेले होते आणि लिंबायतच्या बसस्टॉपवर भावाशी वाद घालत उभी होते. मला दिवसभराचा पास हवा होता. कितीही वेळा चढा, कितीही वेळा उतरा.

"ताई, पास काय करशी? मी सोडी दिसू ना तुले गाडीवर," तो म्हणाला.

कापडाच्या लूमवरची पाळी बुडवून सोडणार होता बिचारा. पण लेकीच्या सासरी तो सोबत आला की काय होतं ते मला पाठ आहे. त्याला खुर्ची, चहा, फरसाण, आणि अर्ध्या तासात "चाल ताई". माझी लेक पदर सावरत ट्रे घेऊन उभी. पाचव्या महिन्यात तिचं पोटातलं बाळ गेलं, त्याला महिना झाला होता. फोनवर रोज "बरी आहे" एवढंच, आणि मागे सासूचा आवाज. त्या "बरी आहे"ची मला चीड यायला लागली होती. तिच्या तोंडून खरं ऐकल्याशिवाय मी गावी परतणार नव्हते.

"मंग जावा-येवानं साधं तिकीट काढ," भाऊ म्हणाला.

"एका खेपमा नही बोलनी तर?"

मी पास घेतला.

पर्वत पाटियाला बस बदलून कडोदऱ्याला पोचले. सासू वाईट नाही. उलट इतकी चांगली, की तिनं आम्हाला क्षणभर एकटं सोडलं नाही. निघताना हळदीकुंकू, ओटी, आणि पाहुणीला पोचवायचं म्हणून सासू, जाऊ, शेजारणी, अख्खी गल्ली स्टॉपवर. लेक सगळ्यांच्या मागे. आम्हा खानदेशी माणसांची माया अशीच, ती कुणाला एकटं म्हणून राहू देत नाही. मी हसून हात हलवला आणि बसमध्ये दातओठ खात बसले.

पर्वत पाटियाला उतरले, रस्ता ओलांडला आणि पुन्हा कडोदऱ्याची बस धरली. या वेळी घरी गेलेच नाही. स्टॉपवरून थेट सासूलाच फोन लावला. "विहीणबाई, पोरले जरा स्टॉपवर धाडा. येकलीलेच."

ती "बरं" म्हणाली.

लेक आली, बाकावर शेजारी बसली. बस आली, मी जाऊ दिली. दुसरी आली, तीही जाऊ दिली.

"आई, जाय ना. उशीर व्हई."

"होऊ दे."

ती स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "इतलासा व्हता, आई. नर्सनी दखाडा मले. बोटं व्हतात त्याले." आणि थोड्या वेळानं, "कोनी इचारंच नही, कसा व्हता म्हणीन."

ही वेळ माझ्या रडण्याची नव्हती.

"मी इचारस," मी म्हणाले. "कोनावर गया व्हता?"

ती सांगू लागली.