समोर कोण आहे?

आमच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणारा तो सायखेड्याचा माणूस खुर्चीत टिकायचाच नाही. कनेक्शन अडलं की उभ्यानेच टाइप करायचा आणि प्रत्येक एरर मोठ्याने वाचायचा.

एका सकाळी एका लॅबकडून येणारे रुग्णांचे रिपोर्ट थांबले. लॅबच्या सर्व्हरची ओळख पटवणारं डिजिटल सर्टिफिकेट खरं की खोटं, हे आमच्या प्रोग्रामला ठरवता येईना. लॅबचे फोनवर फोन येऊ लागले.

साहेब म्हणाले, "सर्टिफिकेटची तपासणीच बंद कर. एका ओळीचं काम आहे."

"नाय करणार, साहेब. मग समोर लॅबच हाय का भलताच कुणी, कसं कळंल?"

साहेब तडकले. तरी तो शोधत राहिला. लॅबने सर्टिफिकेट नवं बसवताना ते मूळ कुणी दिलं इथपर्यंतची साखळी जोडणारं मधलं सर्टिफिकेट घालायचं राहिलं होतं. लॅबने ते घातलं आणि तासाभरात रिपोर्ट सुरू झाले.

मला मात्र चैन पडेना. एका दवाखान्याच्या कामात तपासणी बंद करणारी तीच ओळ मी कधीच लिहून बसलो होतो. शेवटी त्याला बोलावून ती दाखवली.

त्याने ती उभ्यानेच मोठ्याने वाचली. मग म्हणाला, "ओळ मी काढतो. दवाखान्याला फोन तू कर."