लॅपटॉप आणि सासूबाईंच्या कपाळावरची विभूती

लॅपटॉप घ्यायचा ठरला तेव्हा लातुरातल्या ओळखीच्या प्रत्येक माणसाला त्यातलं कळत होतं, मी सोडून. आमचा फोटो स्टुडिओ क्लासच्या गल्लीत, खाली दुकान आणि वर घर. फोटो काढायचे नवऱ्याने आणि कॉम्प्युटरवर ते साफसूफ करायचे मी, ही वाटणी लग्नानंतर वर्षभरात झाली ती कायमची. म्हणजे लॅपटॉप वापरणार मी, पण निवडणार सगळी गल्ली. समोरच्या क्लासचे फिजिक्सचे सर चहाला आले की प्रोसेसरवर तासभर शिकवून जात, आणि नवऱ्याच्या तोंडी रॅम आणि ग्राफिक्स कार्ड यापलीकडे शब्द नव्हता. त्या दिवसांत त्याला भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा कळत नव्हतं.

माझी तक्रार साधी होती. जुन्या डेस्कटॉपवर लाईट गेली की केलेलं काम जायचं, आणि त्याचा स्क्रीन खोटं बोलायचा. स्क्रीनवर मोरपंखी दिसलेला शालू अल्बममध्ये निळा होऊन यायचा आणि मग नवरीची आई दुकानात येऊन बसायची.

तसं खोटं बोलायचं काम आम्हीही करतच होतो म्हणा. क्लासची भरभराट झाली तशी आमचीही झाली. हदगाव, हिमायतनगर, उदगीर, कुठून कुठून पोरं यायची, होस्टेलवर राहायची, मेसचं जेवून वाळून जायची. भेटायला आलेल्या आया त्यांना फोटोला घेऊन येत आणि मला हळूच सांगत, "ताई, गाल जरा भरून द्या. ह्याचे पप्पा बघितले तर म्हणतील, मेसवाला जेवू घालतो का न्हाई." मी गाल भरून द्यायचे. क्लासवाल्यांना तर निकालाच्या फ्लेक्सवर सगळी पोरं गोरी लागायची. बाहेरगावचा माणूस आमच्या गल्लीतून गेला असता तर त्याला वाटलं असतं, लातुरात सावळ्या पोरांना मार्क देत नाहीत. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. गिऱ्हाईक खूश तर आपण खूश, असा माझा स्वभाव.

फक्त एका फोटोचं वाटायचं. तो वर घरात, देवघराशेजारच्या भिंतीवर होता.

सासूबाईंचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. दगडमातीचं घर भूकंपात त्या एका पहाटे गेलं आणि घरात होते तेवढे सगळे गेले. आई, वडील, दोन भाऊ, वहिन्या आणि सगळ्यांत धाकटी बहीण. सासूबाई लातूरला सासरी होत्या म्हणून राहिल्या. तेव्हा मी शाळेत होते, नांदेडला, त्यामुळे हे सगळं मला नंतर ऐकून माहीत. स्टुडिओ तेव्हा सासरे चालवायचे. पुढचे कितीतरी महिने लोक कुठल्या कुठल्या पाहुण्यांच्या घरून लग्नाचे ग्रुप फोटो शोधून आणायचे आणि गर्दीतल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणायचे, हे तेवढं मोठं करून द्या. सासरे तो चेहरा मोठा करायचे आणि ब्रशने रंगवायचे. पद्धत अशी होती की गेलेल्या माणसाला गोरं करायचं, ओठ सरळ करायचे, नजर समोर आणायची, मागे निळं आभाळ द्यायचं. तो जणू शेवटचा मान. सगळ्यांचे फोटो झाल्यावर त्यांनी आपल्या मेव्हणीचा केला, आणि घरची म्हणून तिला सगळ्यांहून गोरी केली.

लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, सासूबाईंची बहीण सिनेमात शोभली असती. एकदा फोटो पुसता पुसता मी म्हणालेसुद्धा, "आई, मावशी किती गोऱ्या होत्या हो."

"कशाची गोरी," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही दोघी एका तव्यावरच्या. तिला समदे काळी म्हणूनच हाक मारायचे." मग त्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "ही बाई कोण हाय, देव जाणे. पण तुझ्या सासऱ्यानं लई जीव लावून केला. काय बोलावं?"

आणि त्या कधी बोलल्या नव्हत्या. सासरे होते तोवर नाही आणि गेल्यावरही नाही. एका अनोळखी बाईपुढे त्या रोज हात जोडत होत्या. मला हे कळल्यावर माझी झोप उडाली नाही, पण तो फोटो पुसताना माझा हात अडखळायला लागला.

मावशीचा खरा फोटो घरात एकच होता, नवऱ्याच्या बारशाचा; सासऱ्यांनीही चेहरा त्यातूनच उचलला होता. पाळण्यामागे बायकांची दाटी आणि कडेला परकर-पोलक्यातली ही. पण त्या काळच्या रंगीत प्रिंट वर्षं गेली की लालभडक होतात, तसा तो झाला होता. सगळ्या बायका चुलीपुढे बसल्यासारख्या लाल. मी तो स्कॅन केला आणि कुणाला न सांगता रंग काढायला बसले. स्क्रीनवर चेहरा सावळा दिसायचा आणि प्रिंट हातात आली की जांभळा. पुन्हा केला की मातकट. चार-दोनदा करून मी त्या प्रिंट कपाटात तळाशी दडवल्या. सासूबाईंना दाखवायची हिंमत नव्हती. एकदा चुकीचा चेहरा त्यांनी गप्प बसून सोसला होता, दुसरा माझ्याकडून नको होता.

घाई अशासाठी होती की त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. आणि त्या चेहऱ्याचा रंग ठाऊक असलेलं त्यांच्यावाचून जगात कुणी उरलं नव्हतं.

तर लॅपटॉप नांदेडला घ्यायचा ठरला. आमच्या गल्लीत मिळायचे ते पोरांसाठीचे, आणि नांदेडला मोठं दुकान आहे असं नवऱ्याने शोधून काढलं होतं. मला माहेर होईल म्हणून मीही मान हलवली. निघायच्या आदल्या दिवशी मी नवऱ्याला म्हणाले, "आईंना पण नेऊ या."

"आईला? लॅपटॉप घ्यायला?"

"शालूवर ब्लाउज पीस घ्यायला जाताना शालू घरी ठेवून जातात का?"

त्याला काही कळलं नाही, पण सासूबाईंनी आतून ऐकलं होतं. "मी येते की. टीव्ही घेताना कुणी इचारलं न्हाई मला," असं म्हणून त्यांनी इरकली नेसायला काढून ठेवली. मी खाली आमच्या दुकानात त्यांना खिडकीपाशी बसवून त्यांचे फोटो काढले आणि पेनड्राइव्हवर घेतले.

अहमदपूर, लोहा करत एसटी नांदेडला पोचली तोवर सासूबाईंची सगळ्या बसशी ओळख झाली होती. दुकान थंडगार, लॅपटॉप ओळीने उघडे ठेवलेले. नवरा आणि दुकानदार यांची रॅमवर जुंपली. दुकानदाराने एका लॅपटॉपवर समुद्र, फुलं, पोपट असं काय काय दाखवलं आणि म्हणाला, "मॅडम, कलर बघा कसे उठून राहिले. फोटोवाले समदे हाच नेतात."

मी पेनड्राइव्ह लावला आणि सासूबाईंचा फोटो उघडला. मग सासूबाईंना स्क्रीनशेजारी उभं केलं. दुकानदार एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे.

"आई, हात लावा स्क्रीनजवळ."

त्यांनी हात लावला आणि खुदकन हसल्या. "अगं, ह्यात मी बाळंतीण झाल्यावाणी दिसून राहिले. इतकी तुकतुकीत कुठं हाय मी?"

पुढचा लॅपटॉप. त्याच्यात त्या पिवळ्या. त्याच्या पुढच्यात साडीचे काठ छान आले, पण कपाळावरची विभूती निळी. आमच्या घरात आंघोळ झाली की सगळे विभूतीचे तीन पट्टे ओढतात. त्यांच्या सावळ्या कपाळावरचा तो राखेचा रंग मी रोज सकाळी बघते, त्यात मला कुणी फसवू शकत नाही. विभूती जिथे राखेसारखी दिसेल तिथे बाकीचे रंग आपोआप खरे असणार, एवढं माझं गणित होतं.

शेवटी कोपऱ्यातला एक, गिऱ्हाइकाने हात न लावलेला, जरा मळकटच दिसणारा. त्यावर फोटो उघडला आणि मी म्हणाले, "हा दारात घेऊन चला."

"दारात?" दुकानदार म्हणाला.

"मॅचिंग सेंटरमध्ये कापड उन्हात नेऊन दाखवत नाहीत का? तसंच."

नवरा चुलत्याच्या लग्नात वाढप्याने विसरलेल्या पाहुण्यासारखा बाजूला उभा राहिला. दुकानदाराने लॅपटॉप दारात सावलीला स्टुलावर ठेवला, सासूबाई शेजारी उभ्या राहिल्या, आणि रस्त्यावरचे दोघेतिघेही बघायला थांबले. स्क्रीनवर सासूबाई होत्या तशा होत्या. सावळ्या, गालावर तीळ, कपाळावर राख ती राख. मी हा घेते म्हणाले.

"मॅडम, ह्याचे कलर डल हायत हो," दुकानदार कळवळून म्हणाला.

"माझ्या सासूबाईंचे पण डल आहेत," मी म्हणाले, आणि सासूबाईंनी मला पाठीत एक धपाटा घातला. रॅमही पुरेशी निघाली म्हणून नवऱ्याची इज्जत राहिली.

घरी आल्यावर मी बारशाचा फोटो त्यावर उघडला. मोठा करत गेले तेव्हा लालसर कपाळावर मावशीच्याही तीन फिकट रेघा दिसल्या. जुन्या स्क्रीनवर त्या मला कधी दिसल्याच नव्हत्या. मी सॉफ्टवेअरला त्या रेघा नेमक्या दाखवल्या, हा राखेचा रंग आहे, आता त्यावरून बाकीचे रंग तू लाव. फोटोतला सगळा लाल उतरला. पाळणा हिरवा निघाला, भिंत पांढरी, आणि कडेची मुलगी काळीसावळी. मी गाल भरले नाहीत, काही उजळलं नाही. फक्त ओरखडे काढले. ती समोर बघत नव्हती, बाजूला कुणाकडे तरी बघत होती आणि ओठ घट्ट मिटलेले होते. माझे डोळे भरून आले, ते का हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. तिला मी कधी पाहिलेलीच नव्हती.

प्रिंट आली ती स्क्रीनवर होती तशीच आली. फ्रेम करून मी दुपारी वर नेली. सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी पदराला हात पुसले, फ्रेम घेतली, उजेडाकडे धरली, पुन्हा जवळ आणली. मी आणि नवरा दोघेही भिंतीला टेकून उभे. परीक्षेचा निकाल बघायला उभी राहिलेली पोरं मी गल्लीत दर वर्षी बघत होते, त्यांचं काय होतं ते मला त्या दिवशी कळलं.

"हसू दाबून राहिली बघ," सासूबाई म्हणाल्या.

मग सांगायला लागल्या. बारशाला आत्याबाई बाळाच्या कानात नाव सांगायला वाकल्या, आणि ही मागून भलतंच नाव कुजबुजायला लागली. बैलाचं. माहेरच्या बैलाचं नाव. सगळ्या बायकांना हसू आवरेना आणि सासूबाईंच्या सासूचा धाक, म्हणून हिने ओठ मिटून धरले. "मेली लई आगाऊ होती," त्या म्हणाल्या. "माझे पैंजण घालून गेली ती परत दिलेच न्हाईत." इतक्या वर्षांत बहिणीची एवढी गोष्ट मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. नवरा विचारत होता, बैलाचं नाव काय होतं, आणि त्या सांगत नव्हत्या.

नवऱ्याने भिंतीवरचा जुना फोटो उतरवायला हात घातला.

"ते ऱ्हाऊ दे तिथंच," सासूबाई म्हणाल्या. "ते तुझ्या वडलाच्या हातचं हाय."

मग त्याने शेजारी खिळा ठोकला आणि नवी फ्रेम लावली. जुन्या फोटोला चंदनाचा हार होता. तसाच एक आणायला हवा म्हणून मी पिशवी घेतली आणि चपला घालायला लागले.

"हार नको गं," सासूबाई फ्रेमकडे बघत म्हणाल्या. "आत्ता कुठं घरी आली हाय ती. जरा बसू दे की."