अर्जाची पहिली ओळ
ग्रीसचा वास आला की मला माझं इंग्रजी आठवतं. आमच्याच जिल्ह्यातल्या कोळारच्या एका कारखान्यात कारकुनाची जागा निघाली होती आणि बायकोचा धाकटा भाऊ, पोलिओनं पाय गेलेला, हातानं फिरवायची तीनचाकी खुर्ची दामटत मंठाळात आमच्याकडं अर्ज लिहून घ्यायला आला. मी पहिल्याच ओळीत झोकात लिहिलं, ‘कन्फाइन्ड टू अ व्हीलचेअर’, आणि साहेबाला दया येईल म्हणून अर्थही सांगितला: खुर्चीला जखडलेला. तो खुर्चीच्या साखळीचं ग्रीस लागलेले हात पुसत म्हणाला, "दाजी, जखडलेला मानूस तुमच्या दारात आला कसा? ह्या खुर्चीमुळं तर मी गावभर फिरायलोय. अन् पयल्या ओळीत पायच कामून? मी बी.कॉम. हाय की न्हाई?" मी कागद बदलला. वर बी.कॉम., मग टायपिंग, आणि शेवटी ‘व्हीलचेअर वापरतो’ एवढंच इंग्रजीत. आजही कुणी अर्ज लिहून घ्यायला आलं की मी तसंच लिहितो, अगदी ऐटीत. त्या दिवशी तो गेल्यावर बायको कपबशा उचलत म्हणाली, "तुमच्या स्थळाचं पत्र तुमच्या मामानं लिवलं म्हणून बरं. तुम्ही लिवलं असतं तर पयल्या ओळीत टक्कल आलं असतं, अन् आमच्या अप्पानं फुडं वाचलंच नसतं."