गजादादाची ‘सुगी’

आवडत्या संगीतकारावर लिहून राहिलोय म्हणजे आता पेटी येईल, झब्बा येईल, पहाटेचा रियाज येईल, असं वाटलं ना तुम्हाला? बसा वाट पाहत. आमचा गजादादा दहाच्या आधी उठायचा न्हाई. उठला की गाणं लावायचा आणि स्पीकरला पोट लावून उभा राहायचा. "बेस पोटात वाजला पाह्यजे सुध्या," मला म्हणायचा. "कानाचं काय, कान म्हशीलाबी हायेत."

सेनगावात त्याच्या घरची पिठाची गिरणी. गिरणीमागच्या खोलीत त्याचा लॅपटॉप. त्याच्यावर कायम पीठ, ते झटकायला दाढीचा ब्रश. गिरणी चालू असली की रेकॉर्डिंग बंद. त्यामुळं लाईट गेली की सगळं गाव महावितरणला शिव्या द्यायचं, आणि आम्ही दोघं खोलीकडं पळायचो. गिरणी गप, लॅपटॉप बॅटरीवर. जेवढी बॅटरी, तेवढं संगीत.

असाच, लाईट जाईल तसा, ‘सुगी’ अल्बम झाला. त्यात सोयाबीन काढायच्या हडंब्याची, म्हणजे मळणीयंत्राची, घरघर होती, त्याचाच ठेका. जीपवाल्याची "हिंगोली हिंगोली, एक शीट, एक शीट" होती. तुरीतली पाखरं हाकलायची आरोळी होती. हडंबा खरा. बाकी सगळे आवाज माझे. मी मधेच जास्त करायला लागलो की दादा हात वर करायचा. "गप. थोडी रिकामी जागा सोड. लोकं रिकाम्या जागेतच पाय उचलतात."

आता डीजेच्या धंद्यात एक रीत असते. गाण्याच्या मधोमध आपलं नाव ओरडून टाकायचं, म्हणजे दुसरा कोणी आपलं म्हणून वाजवू शकत न्हाई. दादाच्या अल्बमात ते नाव मी ओरडलो: "ऐकून राहिले का? सेनगावचा गजादादा वाजवून राहिला!" त्यानं स्वतः काहून न्हाई ओरडलं? तर त्याचा आवाज पार बारीक. शाळेत तो कविता म्हणायला उठला की मागची पोरं डोक्यावर पदर घेतल्यासारखं करायची. त्यानं त्यानंतर चारचौघांत बोलणंच सोडलं. "माझं नाव तुझ्या तोंडात शोभतं," म्हणाला. नकला करताना मी गावात कोणालाच सोडलं न्हाई. हेडमास्तर, सरपंच, आमचे बाबासुद्धा. पण पोरं म्हणली, गजादादाची करून दाखव, तर मी म्हणायचो, येत न्हाई. येत होती. झकास येत होती.

यंदा पुसेगावात मामेबहिणीचं लग्न होतं. वरातीला बाहेरून डीजेची मोठी गाडी आणलेली. आणि वाजलं काय, तर ‘सुगी’! मी मामाला हलवून सांगितलं, "हे आमचं हाय, ऐका, आता आमचं नाव येतं!" जीपवाला आला. पाखरं उडाली. मी छाती फुगवून थांबलो. नावाच्या जागी कोणीतरी घोगऱ्या आवाजात भलत्याच डीजेचं नाव ओरडलं.

मी गाडीकडं पळालो. "चोर हायेत हे! आमच्या दादाचा माल हाय!" गाडीवरचा माणूस थंडपणे म्हणाला, "चोरला न्हाई भाऊ. इकत घेतला. त्यानंच दिला, नावबी त्यानंच पुसून दिलं. आता आमच्याकडंच हाय तो कामाला. इचार की, मागं बसलाय."

मागं गजादादा बसला होता, त्यांचा टी-शर्ट घालून. मला पाहिलं. आणि हेडफोन कानावर ओढले. नाव पुसलं ते एक वेळ सोसलं असतं. पण पोटानं ऐकणारा माणूस, त्याला त्या दिवशी कान झाकायला सुचलं.

वरमाईला बोलवायचा माईक तिथंच लटकत होता. मी तो उचलला आणि बारीक आवाजात सुरू झालो, हुबेहूब: "मी गजानन, सेनगावचा! ही गाणी माझीच हायेत बरं का! पन सांगायला मला लाज वाटते!" अख्खी वरात खिदळली. नवरदेवबी घोड्यावर हसून हसून वाकला. एका पोरानं तर टॉवेल पदरासारखा डोक्यावर घेतला.

गाणं बंद झालं. दादानं मला दंडाला धरून गाडीमागं नेलं. मला वाटलं, आता रडंल, माफी मागंल. माझीच तयारी होती माफ न करायची.

"गानी माझी व्हती, मी इकली," तो म्हणाला. "नाव माझं व्हतं, मी पुसलं. तुला तकलीफ झाली तर खोलीवर येऊन शिव्या द्यायच्या. खाल्ल्या असत्या मी. समद्या गावाची नक्कल करायचास, माझी कधी केली न्हाईस. मला वाटायचं, याला आपली येत न्हाई."

त्याचा आवाज आणखी बारीक झाला.

"येत व्हती की बे तुला. मंग इतके दिस काहून ठेवली व्हती? आजच्यासाठी?"