यशयाच्या तोंडचा घोडा

यशया त्रिभुवनला इंग्रजी येत नव्हतं, आणि ही गोष्ट कोल्हारात दोघांनाच माहीत होती. एक तो स्वतः, दुसरी त्याची बायको मार्था. बाकी गाव त्याला इंग्रजीचा बादशहा समजायचं.

तसा हुद्दा काही बादशहाचा नव्हता. चर्चची घंटा वाजवायची, बाकं पुसायची, लग्नाला सतरंज्या अंथरायच्या आणि त्याच सतरंज्या झटकून मयताला पुन्हा अंथरायच्या. शिक्षण सातवी, तेही मास्तर कंटाळले म्हणून पास झालेली. पण रविवारी दुपारचे तीन वाजले की यशया पाळकसाहेबांच्याही वर जायचा. सकाळच्या उपदेशाला निम्मी मंडळी पेंगायची. तीनच्या यशयाला मात्र बौद्धवाड्यातून, मराठ्यांच्या आळीतून, पार नदीकडच्या वस्तीवरून माणसं यायची आणि जागा धरायला दीडपासूनच चर्चच्या हॉलमध्ये चपला ठेवून जायची.

झालं होतं असं की मिशनची मडमबाई एकोणनव्वद साली कायमची मायदेशी गेली. जाताना रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी ठेवून गेली. एक दात घासण्याची, एक मुलांना लसी टोचण्याची आणि तिसरी कार्टूनची, एका म्हाताऱ्या पांढऱ्या घोड्याची. दात आणि लस पाहून झाल्यावर लोकांनी घोडा लावायला लावला. घोडा बोलायला लागला, गिरणीवाला म्हातारा बोलायला लागला, आणि सगळं फाडफाड इंग्रजी. लोक विचारायला लागले, काय म्हणतोय, काय म्हणतोय. पाळकसाहेब नेमके संगमनेरला गेलेले. यशया टीव्हीशेजारी उभा होता. तो म्हणाला, ‘‘सांगतो की.’’

त्या ‘सांगतो की’वर पुढं नऊ वर्षं निघाली.

यशयाचा बाप घोडेगावच्या बाजारातला जनावरांचा दलाल. लहानपणी बापाच्या मागं मागं हिंडून पोराला जनावराची भाषा आली होती. घोड्यानं कान मागं पाडले की तो चिडला, एक पाय हलका टेकवला की दमला, माणसानं मान खाजवली की तो खोटं बोलणार. एवढ्या भांडवलावर त्यानं गोष्ट उभी केली. ती अशी. गिरणीवाला हा लोभी म्हातारा. घोड्यानं जन्मभर त्याची पोती वाहिली, आणि घोडा एका डोळ्यानं आंधळा झाल्यावर म्हाताऱ्यानं तो आपल्याच भावाला विकला. भाऊ त्याला डोंगरापलीकडं घेऊन गेला. घोडा दावं तोडून, बर्फ तुडवत जाब विचारायला माघारी आला. गिरणी बंद. दारातल्या झाडाखाली गिरणीचा दगड पडलेला. घोड्यानं त्या दगडापाशी मान खाली घातली आणि शाप दिला, ‘‘तुझं पीठ किडंल.’’ इथं टाळ्या.

विकण्याचा प्रसंग तर यशयाचा खास. म्हातारा खाटेवर पडलेला, भाऊ शेजारी बसलेला, आणि दोघांचे हात पांघरुणाखाली. यशया इथं आवाज एकदम खाली आणायचा. बाजारात सौदा तोंडानं होत नाही. दलाल रुमालाखाली हात धरतात, बोटं दाबून भाव ठरवतात, म्हणजे आजूबाजूच्यांना कळत नाही. हे हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तेव्हा यशयानं सांगायच्या आधीच लोक समजून जायचे की, झाला सौदा.

आणि नेमकं त्याच ठिकाणी भामाबाईंची पाळी यायची. भामाबाई साठीच्या, बौद्धवाड्यातल्या, दुसऱ्याच्या रानात खुरपणी करून पोरं वाढवलेल्या. पिक्चरची त्यांना अशी गोडी की एकही रविवार चुकायचा नाही. पांघरुणाखाली हात गेले की त्या उठून उभ्या राहायच्या आणि टीव्हीतल्या म्हाताऱ्याला नाव घेऊन घेऊन शिव्या घालायच्या. राबवून घेऊन म्हातारपणी हाकलणाऱ्या मालकांचा त्यांना दांडगा अनुभव होता, त्यामुळं शिव्या नवनव्या निघायच्या. काही लोक तर घोड्यासाठी नाही, त्यासाठीच यायचे.

अठ्ठ्याण्णव साली भामाबाईंची नात प्रज्ञा श्रीरामपूरला कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागली. चपला बाहेर काढून, हात पुसून ज्या खोलीत जायचं असतं, त्या खोलीतून ही पोरगी आलेली. दिवाळीनंतर तिनं नगरहून एक कॅसेट आणली. अंड्यांचा पिक्चर. अंड्यांचं एक अख्खं कुटुंब बाजाराच्या ट्रकमधून निसटतं आणि घरी जायला निघतं. सगळा कॉम्प्युटरवर केलेला आणि बोलणं हिंदीत. म्हणजे टीव्हीशेजारी कुणी उभं राहायची गरजच नव्हती. त्या रविवारी यशया पहिल्यांदा बाकावर बसला, आणि आपले हात कुठं ठेवायचे ते त्याला कळेना.

त्या दिवसापासून कोल्हारात दोन तट पडले.

प्रज्ञाचं म्हणणं, अंड्यावर पडलेला उजेड बघा. एकेक चित्र करायला कॉम्प्युटरला कित्येक तास लागतात. आणि तुमचा घोडा? तो पळतो तेव्हा मागून एकच वाकडं झाड सात वेळा जातं, तिनं मोजलं होतं. भामाबाईंनी सांगितलं की यशयानं त्याचा खुलासा केलेला आहे, घोडा वाट चुकला म्हणून गोल गोल फिरत होता. शिवाय हातानं काढलेल्या घोड्याच्या अंगावर रेघा थरथरतात, म्हणून तो थंडीनं कुडकुडल्यासारखा दिसतो. अंड्यांना कसली थंडी आणि कसलं काय, गिलावा केल्यासारखी तोंडं. त्यातली आई कुठली आणि आत्या कुठली ते चष्म्याच्या रंगावरून ओळखायचं.

आप्पासाहेबांची पोल्ट्री होती, म्हणून अंड्याच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, दीड तासात एकाही अंड्याला घाण लागलेली नाही, हे कोंबडीखालून आलेलंच नाही. पण हसू येतं हेही त्यांनी कबूल केलं. घोड्याच्या पिक्चरमध्ये गाणं लागलं की यशया बाहेर जाऊन तंबाखू थुंकून येतो, अंड्यांच्या पिक्चरमध्ये थुंकायला फुरसत मिळत नाही. भामाबाईंचं उत्तर तयार होतं. अंडी फार बोलतात. घोडा कमी बोलतो, म्हणून त्याचं ऐकावंसं वाटतं.

घोडा कमी बोलत होता कारण यशयाला सुचायचं नाही. पण ते कोण सांगणार?

हे भांडण मिटावं म्हणून प्रज्ञानंच एक चांगलं काम करायचं ठरवलं, आणि चांगल्या कामानं व्हायचा तो घोटाळा झाला. नाताळाच्या आधी तिला नगरात घोड्याचाच पिक्चर हिंदीत मिळाला. आजीला तिच्या आवडीचा पिक्चर नीट कळावा म्हणून तिनं तो आणला, आणि शुक्रवारी यशयाच्या हातात देऊन म्हणाली, ‘‘काका, रविवारी तुमी बी बसून बघा. नऊ वर्सं उभे हायेत.’’

शनिवारी यशयानं जाहीर केलं की व्हीसीआरचं हेड खराब झालंय. प्रज्ञानं येऊन स्पिरिट आणि कापसानं हेड पुसून दिलं. मग म्हणाला, वायर उंदरानं खाल्ली. प्रज्ञानं वायर बघितली, उंदरानं तिला तोंडसुद्धा लावलं नव्हतं. संध्याकाळी तो मार्थाला म्हणाला की आपण दोन दिवस बेलापूरला तुझ्या भावाकडं जाऊ. मार्था तांदूळ निवडत होती. तिनं वर न बघता सांगितलं की नाताळाच्या तोंडावर घंटा सोडून पळालात तर पाळक विचारतील, आणि मंग त्यांना काय सांगायचं, घोडा मागं लागला म्हनून?

रविवारी हॉल असा भरला की खिडकीतही माणसं. यशया शेवटच्या बाकावर, दारापाशी. पिक्चर सुरू झाला. घोडा हिंदी बोलायला लागला आणि पाच मिनिटांत लोक माना वळवून मागं बघायला लागले, कारण हा गिरणीवाला घोड्याला ‘बेटा’ म्हणत होता. यशयाच्या तोंडी तो ‘भाड्या’ म्हणायचा.

मग खाट आली. भाऊ आला. पांघरुणाखाली हात गेले. भामाबाई सवयीनं उठल्या आणि म्हणाल्या, ‘‘मुडदा बशिवला तुझा...’’

आणि टीव्हीतला म्हातारा म्हणाला की मी काही सकाळ बघत नाही. भावाचा हात घट्ट धरून तो सांगत होता, माझ्या घोड्यानं मला मरताना बघायला नको, त्याला सोसणार नाही. उजाडायच्या आत त्याला दूर ने.

भामाबाईंची शिवी अर्धी तोंडात राहिली. त्या उभ्याच. पुढं बर्फ आला, डोंगर आला, गिरणी आली. झाडाखालचा दगड म्हणजे म्हाताऱ्याची कबर होती. घोड्यानं कपाळ टेकवलं ते त्या मातीवर. टाळी वाजली नाही. पिक्चर संपल्यावर टीव्हीवर मुंग्या आल्या, तरी बंद करायला कुणी उठेना.

भामाबाई बाकांमधून वाट काढत मागं आल्या.

‘‘यशया, नऊ वरीस म्या एका मरत्या मानसाला शिव्या घातल्या. कुनाच्या नादानं?’’

यशया काही बोलायच्या आत आप्पासाहेब मधे पडले. त्यांचा यशयावर जीव. ते म्हणाले, हिंदीवाल्यांनी गोष्ट बदलली असंल. मुंबईच्या लोकांचा काय भरवसा, ते कशात काहीबी घालत्यात. दोनचार जणांनी माना हलवल्या. वाट मोकळी होती. नुसतं ‘व्हय’ म्हटलं असतं तर यशया बादशहाच राहिला असता.

त्यानं भामाबाईंच्या तोंडाकडं बघितलं. त्या रागावलेल्या नव्हत्या, हीच पंचाईत होती. चुकून कुणाच्या पानात पाय पडल्यावर माणूस जसं बघतं, तशा त्या बघत होत्या.

‘‘न्हाई आप्पा,’’ यशया म्हणाला. ‘‘मला इंग्रजी येत न्हाई. कदीच येत नव्हतं.’’

खिडकीतून एकजण फिस्सकन हसला. मार्था आपल्या जागेवरून म्हणाली, सुटले बाई एकदाची. प्रज्ञानं तेवढं विचारलं, मग पांघरुणाखालच्या हाताचं काय? यशयानं खांद्यावरचा रुमाल काढला, तिचा हात धरला, वर रुमाल टाकला आणि एकेक बोट दाबून दाखवलं. माझा बाप असाच बसायचा, तो म्हणाला. म्या हात बघितले आन सौदा सांगितला. पांघरुनाखाली हात धरून मानसं दुसरं काय करत्यात, ते मला ठावंच नव्हतं.

भामाबाईंनी चपला घातल्या आणि त्या निघून गेल्या.

आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. आता तट तीन झाले. हिंदी घोडा, अंडी आणि यशयाचा घोडा. पाळकसाहेबांनी खोट्या साक्षीवर उपदेश केला, आणि त्या दिवशी कुणी पेंगलं नाही. आप्पासाहेबांनी एसटी स्टँडवर चहा पिताना सांगितलं की खरा पिक्चर चांगला आहे, यात वादच नाही, पण त्यात घोडा शेवटाला रडतो. यशयाच्या पिक्चरमध्ये घोडा जिंकायचा. घोड्यानं जिंकलेलं आपण कुठं बघायचं मग?

पुढच्या रविवारी यशयानं सतरंज्या अंथरल्या, हिंदी कॅसेट लावली आणि बाहेर नळाच्या ओट्यावर जाऊन बसला. आतून घोड्याचं हिंदी ऐकू येत होतं. पाचेक मिनिटांनी आवाज बंद झाला. त्याला वाटलं, लाइट गेली. तेवढ्यात भामाबाई बाहेर आल्या.

‘‘ऊठ. आत चल. त्यो घोडा रेडिओवरच्या बातम्यावानी बोलतो. निम्मं कळत न्हाई मला. आवाज बंद कराय लावलाय पोरीला.’’

‘‘म्या मनचं सांगतो ते सगळ्यांना ठावं झालंय आता.’’

‘‘म्हनून तर चल. नऊ वरीस भीत भीत सांगितलंस. आता न भीता सांग.’’

यशया उठला. हॉलमध्ये टीव्हीशेजारची जागा तशीच मोकळी ठेवलेली होती, कुणी चप्पलसुद्धा ठेवली नव्हती. त्यानं सुरुवात केली. आवाज आधी चिरकला, मग जागेवर आला. म्हाताऱ्याला त्यानं ‘बेटा’ म्हणू दिलं नाही, ‘बाळ्या’ म्हणायला लावलं. हिंदीपेक्षा ते बरं, असं प्रज्ञासुद्धा शेजारणीला म्हणाली.

खाट आली. पांघरुणाखाली हात गेले. अख्खा हॉल यशयाच्या तोंडाकडं बघत राहिला.

‘‘सौदा चाललाय,’’ तो म्हणाला. ‘‘भाऊ बोट दाबतो आन इचारतो, काय घेशील घोड्याचं? म्हातारा म्हनतो, पैसा नको. मी गेलो हे त्याला कळू देऊ नको, हीच किंमत. भाऊ म्हनतो, लई जास्ती सांगितलीस. म्हातारा म्हनतो, एका बोटानं कमी करनार न्हाई.’’

कुणीतरी नाक ओढलं. भामाबाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

‘‘आन आता म्या शिव्या कुनाला घालू?’’

‘‘मला घाला,’’ यशया म्हणाला.

भामाबाईंनी पदर खोचला. प्रज्ञानं पॉजचं बटण दाबून घोडा डोंगरावर थांबवून धरला. भामाबाईंनी यशयाच्या घोडेगावच्या बापापासून जी सुरुवात केली, ती थेट मडमबाईपर्यंत नेली आणि नऊ वर्षांचं सगळं चुकतं केलं. यशया हात बांधून ऐकत उभा राहिला. त्यांचा दम सरला, त्या खाली बसल्या, तेव्हा त्यानं प्रज्ञाकडं बघून मान हलवली आणि घोड्याला पुढं नेलं.